रोटेटर कफचं ऑपरेशन : टेंडन हाडाला धरून कसा राहतो, आणि सुटू नये म्हणून काय काय करतात (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

मी फिजिओ आहे, ऑपरेशन करत नाही, पण ऑपरेशन झालेले खांदे माझ्याकडेच येतात आणि त्यांच्याबरोबर हे प्रश्नही येतात. एकेकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून ठेवतोय. हे वाचून तुमच्या सर्जनशी बोलायला सोपं जावं एवढाच हेतू, निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्या.

रोटेटर कफ म्हणजे नेमकं काय? आणि फाटतं ते कुठे?

खांद्याच्या गोळ्याला चारी बाजूंनी धरून ठेवणारे ४ स्नायू असतात, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. स्नायू पाठीच्या पंख्यावर असतात आणि त्यांचे चपटे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे) येऊन दंडाच्या हाडाच्या डोक्यावर चिकटतात. सगळ्यात जास्त फाटतो तो वरचा, सुप्रास्पायनेटस, आणि तो मधे तुटत नाही, हाडाला जिथे चिकटलेला असतो तिथून किंवा त्याच्या अगदी जवळून उखडतो. म्हणूनच हे ऑपरेशन म्हणजे दोन तुकडे एकमेकांना शिवणं कमी आणि सुटलेलं टोक परत हाडावर बसवणं जास्त.

फाटलंय म्हणजे ऑपरेशन करायलाच हवं का?

नाही. १९९५ साली काहीच त्रास नसलेल्या लोकांच्या खांद्यांचे एमआरआय काढून बघितले होते, त्यात साठीच्या पुढच्या ५४ टक्के लोकांचा कफ कमी-जास्त फाटलेला निघाला आणि त्यांना पत्ताही नव्हता. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात (२०१३ चा) पूर्ण जाडीचा टेअर (म्हणजे फाट) असलेल्या, पण अपघात न होता हळूहळू झिजून फाटलेल्या लोकांना आधी फिजिओ दिली, तर २ वर्षांत जेमतेम पावभर लोकांनी ऑपरेशन करून घेतलं. पण पडून झटक्यात फाटलं असेल, हात अचानक वर जाईनासा झाला असेल, वय कमी असेल तर वाट बघत बसू नका, लवकर दाखवा, कारण टेंडन मागे मागे सरकत जातो आणि स्नायू वाळतो, मग उशिरा गेलात तर सर्जनला टेंडन ओढून जागेवर आणणंच कठीण होतं.

टेंडन हाडाला मुळात चिकटलेला कसा असतो?

हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं, म्हणून जरा शांतपणे वाचा. टेंडन मऊ, लवचिक, दोरखंडासारखा आणि हाड कडक, दगडासारखं. दोन इतक्या वेगळ्या गोष्टी थेट जोडल्या तर जोडावरच सगळा ताण येऊन तिथेच तुटणार. शरीराने त्यावर उपाय काढलाय, तो म्हणजे मधे पायऱ्या. आधी टेंडन, मग कूर्चेसारखा थर, मग तोच थर पण चुना भरलेला म्हणजे थोडा कडक, आणि मग हाड. ४ थर, मिलिमीटरभर जागेत, मऊपासून कडकपर्यंत हळूहळू बदलत जाणारे. या जोडाला एन्थेसिस म्हणतात.

वाईट गोष्ट अशी की एकदा हे उखडलं की ऑपरेशन कितीही छान झालं तरी हे ४ थर जसेच्या तसे परत तयार होत नाहीत. तिथे व्रणाची ऊती तयार होते, ती काम करते, पण मूळ जोडाइतकी मजबूत नसते. जगभर या विषयावर एवढं डोकं लावलं जातंय ते याचसाठी.

मग टाके आणि अँकर काय करतात?

अँकर म्हणजे हाडात रोवायची छोटी खुंटी, टाक्यांचे धागे तिलाच अडकवलेले असतात. टाके वेळ मिळवून देतात. टेंडन हाडात रुजायला काही महिने लागतात आणि तोपर्यंत त्याला हाडावर दाबून, न हलू देता धरून ठेवायचं एवढंच टाक्यांचं काम. माकडांवरच्या एका अभ्यासात टेंडनमधून हाडात शिरणारे तंतू चांगल्या संख्येने दिसायला साधारण १२ आठवडे लागले, आणि १५ आठवड्यांनीसुद्धा जोड जवळजवळ पक्का, पूर्ण नाही. माणसाला त्याहून कमी वेळ लागेल असं समजायला काही आधार नाही.

१९९४ साली स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या रिपेअरच्या ३ अटी मांडल्या, आजही सगळे त्याच धरून चालतात : पहिल्या दिवसापासून पकड घट्ट हवी, टेंडन आणि हाडाच्या मधे फट पडू नये, आणि जोड रुजेपर्यंत हे असंच टिकावं. माझ्या मते तिन्हीत फट पडू न देणं सगळ्यात अवघड, कारण फट पडली तरी टाके तुटलेले नसतात, बाहेरून काही कळत नाही, पण टेंडन हाडाला टेकलेलाच नसेल तर रुजणार कशात?

सुटतं तेव्हा नेमकं काय सुटतं? धागा तुटतो का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो आणि उत्तर ऐकून चकित होतो. धागा क्वचितच तुटतो. आजकालचे धागे खूप मजबूत पॉलिएथिलीनचे असतात, गाठ नीट बसली असेल तर तीही सहसा टिकते. सुटण्याच्या जागा दोन. हाड ठिसूळ असेल तर अँकर हाडातून उपसून येतो. पण जास्त वेळा होतं ते असं की धागा टेंडनमधून आरपार चिरत जातो, साबणाची वडी तारेने कापावी तसा. टेंडनचे तंतू एकाच दिशेने, समांतर असतात ना, त्यामुळे त्यांच्यामधून धागा सरकायला वाट मिळते, आणि वय झालेल्या, झिजलेल्या टेंडनमध्ये तर अजूनच सोपं. म्हणजे धागा जितका मजबूत केला तितका कमकुवत दुवा टेंडनकडे सरकला. पुढे जे जे उपाय लिहिलेत त्यातले बरेचसे या एकाच गोष्टीवर आहेत, ताण एका बिंदूवर येऊ न देता पसरवायचा कसा.

आधी हे ऑपरेशन कसं करायचे?

बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ साली सुप्रास्पायनेटस शिवल्याचं प्रसिद्ध केलं. मग १९४४ साली मॅकलॉफ्लिन यांनी हाडालाच भोकं पाडून त्यातून धागे ओवून टेंडन बांधायची पद्धत मांडली, ती कित्येक वर्षं चालली, आणि खरं सांगायचं तर ती काही वाईट नव्हती, टेंडन हाडावर पसरून दाबला जायचा. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अँकर आले आणि मग दुर्बिणीतून ऑपरेशन करणं शक्य झालं. चीर छोटी, वरचा डेल्टॉइड स्नायू सोडवावा लागत नाही, दुखणं कमी. पण टेंडन रुजण्याच्या बाबतीत दुर्बीण की उघडं यात मोठा फरक दिसलेला नाही, २०१७ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतही नाही. तेव्हा उघडं ऑपरेशन सुचवलं म्हणून सर्जन जुन्या वळणाचे आहेत असं समजू नका.

सिंगल रो, डबल रो, सूचर ब्रिज... माझ्या फाइलमध्ये यातलं काहीतरी लिहिलंय, फरक काय?

हाडाच्या ज्या पट्ट्यावर टेंडन चिकटलेला असतो त्याला फूटप्रिंट म्हणतात, पावलाचा ठसा असतो तसा. सिंगल रोमध्ये अँकरची एकच ओळ, म्हणजे टेंडन एका रेषेत टाचला जातो, ठशाचा काही भाग उघडा राहतो. डबल रोमध्ये एक ओळ आत सांध्याच्या बाजूला आणि एक बाहेर. सूचर ब्रिज हा त्याचाच पुढचा प्रकार, २००६ च्या आसपास आला, यात आतल्या अँकरचे धागे टेंडनवरून आडवेतिडवे घेऊन बाहेरच्या अँकरमध्ये अडकवतात, सामानावर दोऱ्या ताणून बांधाव्यात तसं, त्यामुळे टेंडन पूर्ण पट्ट्यावर दाबला जातो.

प्रयोगशाळेत ओढून बघितलं तर डबल रो आणि सूचर ब्रिज जास्त ताण सोसतात, फट कमी पडते. पण पेशंटला बरं वाटण्यात, हात वर नेण्यात, लहान टेअरमध्ये फारसा फरक दिसत नाही. ३ सेंटीमीटरहून मोठ्या टेअरमध्ये परत फाटण्याचं प्रमाण डबल रोने कमी होतं असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. याची दुसरी बाजूही आहे आणि ती कमी सांगितली जाते. सूचर ब्रिजनंतर फाटलं तर कधी कधी हाडाजवळ न फाटता आतल्या ओळीच्याही मागे, टेंडन स्नायूला मिळतो तिथे फाटतं, आणि तिथे फाटलं तर परत शिवायला टेंडनच उरलेला नसतो. आतल्या ओळीच्या गाठी फार आवळल्या, किंवा टेंडन जबरदस्तीने ताणून बाहेरपर्यंत आणला तर हा धोका वाढतो. म्हणून टेंडन आरामात पोचत नसेल तर चांगला सर्जन त्याला पूर्ण पट्ट्यावर ओढायच्या मागे न लागता थोडा आतच बसवतो, आणि मला तरी तेच शहाणपणाचं वाटतं. फाइलमध्ये 'सिंगल रो' दिसलं म्हणून स्वस्तात उरकलं असं धरून बसू नका.

धाग्याऐवजी टेप, आणि नॉटलेस म्हणजे?

टेप म्हणजे साधारण २ मिलिमीटर रुंद चपटी पट्टी. बारीक तार आणि रुंद पट्टा यात जो फरक तोच, पट्टा कमी कापतो, दाब पसरवतो. नॉटलेस म्हणजे गाठ न मारता धागा अँकरमध्येच अडकवायचा, गाठीचा उंचवटा वरच्या हाडाला घासत नाही आणि आतल्या ओळीत टेंडनचा गळाही आवळला जात नाही. टाका घालायच्या पद्धतीतही युक्त्या आहेत, आधी तंतूंना आडवा एक टाका घालायचा आणि मग उभा टाका त्याच्या मागे अडवायचा, म्हणजे चिरत येणारा धागा आडव्याला येऊन थांबतो. याला रिप-स्टॉप म्हणतात. खर्चिक काही नाही, फक्त हात बसलेला हवा, आणि पातळ टेंडनमध्ये याने खरंच फरक पडतो.

अँकर आत कायमचा राहतो का? एमआरआय चालेल का?

प्रकारावर आहे. धातूचे राहतात. पीक नावाच्या प्लास्टिकचेही राहतात, पण एक्सरेत दिसत नाहीत. विरघळणारे हळूहळू विरघळतात, काही जणांमध्ये त्यांच्याभोवती हाडात पोकळी होते, आता त्यात कॅल्शियमचं संयुग मिसळतात म्हणजे त्या जागी हाड भरावं. आणि नुसत्या धाग्याचेच अँकर असतात, हाडात बारीक भोकातून जाऊन आत गोळा होऊन अडकतात, हाड कमी जातं. एमआरआय सहसा चालतो, पण आधी सांगा, अँकरचं स्टिकर फाइलमध्ये असतं ते दाखवा. धातूमुळे त्या जागेचं चित्र मात्र खराब येतं.

माझं हाड ठिसूळ आहे, अँकर धरेल का?

काळजी बरोबर आहे, हाडाचा ठिसूळपणा हे परत फाटण्याचं स्वतंत्र कारण म्हणून अभ्यासांत आलंय. शिवाय टेंडन सुटून बरेच महिने झाले की तिथल्या हाडाला ताण मिळत नाही आणि ते अजून पोकळ होतं. सर्जन काय करतात, अँकर सांध्याच्या कडेजवळ घालतात जिथे हाड जास्त घट्ट असतं, जाड अँकर वापरतात, आणि हाडाचा वरचा कडक थर फार खरवडत नाहीत कारण तो काढला की पकडच जाते. रक्त येण्यापुरतं खरवडायचं, तेवढंच. तुम्ही काय करायचं, तर पाळी गेलेल्या बायकांनी आणि सत्तरीच्या पुढच्यांनी ऑपरेशनआधी हाडाची घनता आणि व्हिटॅमिन डी तपासायचं का हे आवर्जून विचारा. प्लॅन केलेलं ऑपरेशन आहे, तेवढा वेळ असतो.

पॅच लावू का म्हणाले. लावावा का?

पॅच म्हणजे टेंडनवर लावायचं कापडासारखं ठिगळ. पण सगळे पॅच एक नाहीत. डुकराच्या आतड्याच्या थरापासून केलेला एक प्रकार आधी वापरला, २००६ च्या चाचणीत त्याचा फायदा तर दिसलाच नाही, उलट निकाल वाईट आले, आणि तो वापरू नये असं त्याच डॉक्टरांनी लिहिलं. माणसाच्या त्वचेपासून केलेला, पेशी काढून टाकलेला पॅच मात्र मोठ्या टेअरमध्ये उपयोगी दिसलाय, २०१२ च्या एका चाचणीत पॅच लावलेल्यांपैकी ८५ टक्के टेंडन टिकले आणि न लावलेल्यांपैकी ४० टक्के. चाचणी लहान होती हे लक्षात ठेवा. तिसरा प्रकार गाईच्या कोलॅजनचा पातळ पडदा, तो ताण धरत नाही, टेंडनला जाड व्हायला मदत करतो. तेव्हा 'पॅच' एवढाच शब्द ऐकून हो म्हणू नका, कुठला आणि कशासाठी, ताण घ्यायला की टेंडन जाड करायला, हे विचारा.

पीआरपी, स्टेम सेल याने लवकर जुळतं का?

पीआरपी म्हणजे तुमच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग. निकाल मिश्र आहेत, बनवायची पद्धत प्रत्येकाची वेगळी, काही अभ्यासांत परत फाटणं थोडं कमी, काहींत काहीच फरक नाही. स्वस्त आणि सोपी गोष्ट म्हणजे फूटप्रिंटच्या हाडाला बारीक भोकं पाडणं, त्यातून हाडातली मज्जा (बोन मॅरो) झिरपून टेंडनवर येते. यावरही एकमत नाही. बोन मॅरोच्या पेशी गोळा करून टोचण्यावर फ्रान्सच्या हर्निगू यांचा २०१४ चा अभ्यास गाजला, दोन्ही गटांत ४५-४५ पेशंट, ६ महिन्यांनी पेशी दिलेल्यांत सगळे ४५ जुळलेले आणि न दिलेल्यांत ३०, आणि १० वर्षांनी ८७ टक्के विरुद्ध ४४ टक्के. आकडे जबरदस्त आहेत, पण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, म्हणून एवढ्यावर खिसा रिकामा करू नका.

अजगराच्या दातांसारखं काहीतरी निघालंय म्हणे?

हो, आणि मला हे मनापासून आवडलंय. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत स्टाव्ह्रोस थोमोपोलोस यांच्या टीमने २०२४ साली हे प्रसिद्ध केलं. अजगराचे दात मागे वळलेले असतात, भक्ष्य धरतात पण फाडत नाहीत, तो जितका सुटायला बघेल तितका अडकतो. तसेच बारीक वळलेले दात असलेली छोटी पट्टी त्यांनी थ्रीडी प्रिंट केली, ती टेंडनच्या खाली, हाडावर बसते, नेहमीच्या टाक्यांसोबतच. दोन-चार टाक्यांऐवजी कितीतरी दात ताण वाटून घेतात, म्हणजे वर म्हटलेला साबण-तारेचा प्रश्नच मुळापासून धरलाय. मृतदेहांच्या खांद्यांवर करून बघितलं तर जोडाची ताकद जवळपास दुप्पट झाली. मात्र तो प्रयोग मृत खांद्यांवरचा आहे. जिवंत खांद्यात टेंडन खरंच जास्त रुजतो का, ते त्यातून कळत नाही.

एमआरआयमध्ये 'फॅटी इन्फिल्ट्रेशन ग्रेड ३' लिहिलंय. हे काय?

स्नायू वापरात नसला की त्यात चरबी भरते. फ्रान्सच्या गुटालिए यांनी १९९४ साली याच्या ० ते ४ अशा पायऱ्या केल्या. ३ म्हणजे चरबी आणि स्नायू निम्मे निम्मे, ४ म्हणजे चरबीच जास्त. असा स्नायू ताठर होतो, ओढला तरी येत नाही, आणि टाक्यांवर सतत खेच राहते. टेंडन जोडला तरी ही चरबी सहसा मागे जात नाही. ग्रेड ३-४ असेल तर सर्जन वेगळे पर्याय बोलतील, जपानच्या मिहाता यांची सांध्याच्या वरचं आवरण नव्याने करायची पद्धत, किंवा वय जास्त असेल तर रिव्हर्स सांधा, म्हणजे गोळा आणि वाटी उलट बसवलेला कृत्रिम सांधा. ते बोलले म्हणजे तुम्हाला टाळतायत असं नाही.

स्लिंग किती दिवस? आणि हलवलं नाही तर खांदा जाम होणार नाही का?

साधारण ४ ते ६ आठवडे, मोठ्या टेअरला ६. जाम होण्याची भीती सगळ्यांना वाटते आणि घरचे तर पहिल्या आठवड्यापासून 'हात हलव, हात हलव' करतात. ऑपरेशननंतरचा जामपणा बहुतेक वेळा काही महिन्यांत सुटतो, फाटलेला टेंडन मात्र आपोआप जुळत नाही, मग कशाला जास्त घाबरायचं ते तुम्हीच बघा. लहान टेअरमध्ये लवकर हलका, दुसऱ्याने केलेला व्यायाम चालतो, शेवटी फारसा फरक पडत नाही. मोठ्या टेअरमध्ये लवकर हलवलं तर फाटणं वाढू शकतं.

सगळ्यात घातक काय तर स्वतःच्या ताकदीने हात वर करणं, आणि अजाणता केलेल्या गोष्टी. झोपेतून उठताना त्याच हातावर रेटा देणं. पडणारी वस्तू झेलणं. कुशीवर लोळणं. शर्ट घालताना तो हात आधी बाहीत घाला, काढताना शेवटी काढा, दंड शरीराला चिकटलेला राहू दे. बोटं, मनगट, कोपर मात्र दिवसातून बऱ्याचदा हलवा, ते बंद ठेवू नका. आणि स्लिंगमधली छोटी उशी असेल तर ती काढून फेकू नका, ती हात किंचित बाजूला ठेवते आणि त्या स्थितीत टेंडनवर ताण कमी येतो.

सिगारेट, शुगर, पेनकिलर यांचा काय संबंध?

सिगारेटने रक्तपुरवठा कमी, रुजणं मंद. बंद करा, शक्य तितकं आधीपासून. शुगर वाढलेली राहिली तर परत फाटण्याचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून ऑपरेशनआधी आणि नंतरचे ३ महिने तरी काटेकोर. दुखण्याच्या गोळ्यांत सूज उतरवणाऱ्या काही गोळ्या, उदाहरणार्थ सेलेकॉक्सिब, सुरुवातीच्या काळात रुजणं बिघडवत असाव्यात असं प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या काही अभ्यासांत आलंय. दुखणं सहन करत बसा असं अजिबात म्हणत नाही, फक्त घरात पडलेली जुनी गोळी मनाने घेऊ नका, सर्जनने लिहिलेलीच घ्या.

परत फाटलं तर सगळं वाया का?

फाटतं, हे लपवण्यात अर्थ नाही. २००४ साली मोठ्या टेअरवर दुर्बिणीतून केलेल्या १८ जणांची सोनोग्राफी केली तर १७ जणांचा टेंडन परत सुटलेला होता. आणि तरीही वर्षभराने त्यातले बहुतेक जण खूश होते, दुखणं कमी, हात वर जात होता. दुसऱ्या वर्षी मात्र तो फायदा थोडा ओसरला. ती पद्धत आता मागे पडलीये, पण वयाचा परिणाम अजून आहेच, २००५ च्या एका फ्रेंच अभ्यासात एकूण ७१ टक्के टेंडन पूर्ण जुळले, पण पासष्टीच्या पुढच्यांत फक्त ४३ टक्के. जुळलेल्यांची ताकद जास्त परत येते, हे नक्की. म्हणून दुखणं गेलं की काम झालं असं मी मानत नाही, विशेषतः ज्यांना हाताने जड काम करायचंय त्यांच्यासाठी टेंडन जुळणं महत्त्वाचंच.

८ आठवडे झाले, काही दुखत नाही, बादली उचलू का?

नको. सुटण्याच्या बऱ्याचशा केसेस पहिल्या ३ ते ६ महिन्यांतल्या असतात, आणि नेमक्या याच टप्प्यात, दुखणं गेलेलं असतं, स्लिंग निघालेली असते, जोड मात्र अजून कच्चा असतो. ताकदीचे व्यायाम साधारण १२ आठवड्यांनंतर, तेही रबर बँडने, हळूहळू, आणि जड काम ६ महिन्यांच्या आसपास सर्जनने बघून हो म्हटल्यावर. तोपर्यंत बादली दुसऱ्या हाताने.